निधान

गेली बावीस वर्षं मी बेळगावच्या शहापुरात शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळांचे युनिफॉर्म, दिवाळीच्या तोंडावर लहान मुलींची परकर-पोलकी. गळ्यात टेप नसली तर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. दिवसाला आठ-दहा जणींची मापं घेते आणि वहीत उतरवते. माझं स्वतःचं माप मात्र त्या वहीत अकरा वर्षं नव्हतं. स्वतःचा कुडता बेतायचा झाला की जुना कुडता कापडावर पसरायचा, दोन्ही अंगांना बोटभर जास्त सोडायचं आणि कात्री चालवायची. आकडा बघायचा नाही.

तो आकडा मागच्या पावसाळ्यात दुसऱ्याच कुणीतरी सांगितला. गुडघे दुखत होते म्हणून एका दवाखान्यात गेले होते. नर्सनं कंबर मोजली, १०७ सेंटीमीटर. माझ्या हिशेबात बेचाळीस इंच. वजन ८८ किलो ४०० ग्रॅम, उंची १५४ सेंटीमीटर. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं, “एवढं खाताच कशाला?” दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना ऐकू गेलं असणार. मी काही बोलले नाही. चिठ्ठी घेतली, चप्पल घातली आणि बाहेर पडले.

घरी जायचं सोडून गणपत गल्लीकडे वळले. मिठाईच्या दुकानात अर्धा किलो कुंदा मागितला आणि दुकानदारानं काहीच विचारलेलं नसताना म्हटलं, “घरी पाहुणे आलेत.” पाहुणे कुणी नव्हते. कपिलेश्वर पुलाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, पिशवीत हात घालून खोक्याचं झाकण बाजूला सारलं आणि बोटानंच खात राहिले. पाऊस भुरभुरत होता. कुणी ओळखीचं दिसलं की हात पिशवीतच थांबायचा. अर्ध्याहून जास्त तिथंच संपला. उरलेला मशिनच्या ड्रॉवरमध्ये रिळांखाली ठेवला आणि रात्री संपवला.

बेळगावात वाढलेल्या माणसाला कुंद्याची चव सांगावी लागत नाही. दूध आटवत आटवत तपकिरी होईपर्यंत ढवळायचं, तेव्हा ती रवाळ चव येते. पण त्या दिवशीच्या कुंद्याची चव मला आठवत नाही. जिभेला काही लागलंच नव्हतं. ही गोष्ट पुढं आठ शनिवार माझ्याबरोबर राहिली, म्हणून आधी सांगितली.

रात्रीचं खाणं हे माझं जुनं गुपित होतं. अकरा वाजता आत्या झोपल्या, मुलीच्या खोलीतला दिवा गेला, की मी स्वयंपाकघरात जायची. दिवा लावायची नाही. चिवड्याच्या डब्याचं झाकण एकदम उघडलं तर आवाज होतो, म्हणून अंगठ्यानं कडेकडेनं वर उचलायची. उभ्यानंच खायची. बसून खाल्लं तर ते जेवण ठरलं असतं. सकाळी सगळ्यांच्या देखत अर्धी भाकरी घ्यायची आणि लोक म्हणायचे, “वैनी तर काहीच खात नाहीत, तरी अंग बघा कसं सुटलंय.” त्या वेळी आत जे व्हायचं त्याला माझ्याकडे शब्दही नव्हता.

मुलीनं ओळखलं होतं. ती फार्मसी शिकते. एका हॉस्पिटलात लठ्ठपणा असलेल्यांसाठी सजगतेचा, इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, वर्ग निघालाय, आठ शनिवार, दुपारी तीन ते पाच, असं तिनं कुठूनतरी आणलं. मी म्हटलं, “मला योगा-बिगा जमायचं नाही गे.” ती म्हणाली, “आई, डाएट नाही तिथं.” त्या एका वाक्यानं मी गेले.

पहिल्या दिवशी मी सगळ्यात आधी खुर्ची बघितली. जाड माणूस कुठंही गेला की आधी खुर्ची बघतो, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात मांड्यांना रुततात, उठताना खुर्ची बरोबर उठते, लोक हसतात. इथं बिनहातांच्या, रुंद, लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. वजनकाटा कुठंच नव्हता. कुणीतरी आमचा विचार करून ही खोली लावली होती. मला तिथंच रडू आलं.

आम्ही चौदाजण होतो. बहुतेक बायका, तीन पुरुष. अनगोळ, वडगाव, खानापूर, एक जण थेट निपाणीहून. अर्धे मराठी, अर्धे कन्नड, दोघी घरात उर्दू बोलणाऱ्या. समुपदेशक मॅडम धारवाडकडच्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण घाईत असल्या की कन्नडवर जायच्या आणि आम्हालाही ते कळायचं. आपल्याकडे कुणाला कळत नाही?

पहिल्याच तासाला त्यांनी स्पष्ट सांगितलं की यातून वजन उतरेल असं वचन मी देणार नाही. आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलंय ते असं, की झपाटल्यासारखं खाणं आणि मनावर ओझं आलं की खाणं, या दोन्हींत सजगतेच्या सरावानं फरक पडतो. वजनावरचा परिणाम थोडा असतो आणि सगळ्यांवर सारखा नसतो. औषधं, डॉक्टर, चालणं यांच्या जागी हे नाही, त्यांच्या बरोबरीनं आहे. पुढच्या शनिवारी तिघं आले नाहीत. मला मात्र ते ऐकून हायसं वाटलं. एकोणीस वर्षांची असल्यापासून मला वचन देणारेच भेटले होते.

सजगता हा शब्द आमच्यातल्या एका आजोबांना जड वाटला. ते वडगावात मागावर आयुष्य काढलेले. म्हणाले, “म्हणजे भान म्हणा की.” मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढं तोच चालला. हा आठ आठवड्यांचा साचा १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी बसवला, तो जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. मूळ बौद्ध ध्यानातलं. नंतर जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो खाण्याच्या त्रासाकडे वळवला. गटात एक इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आलेली होती. श्वासाकडे बघणं तिला नवं नव्हतं. बाकी आम्ही सगळे कोरे.

मग प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. विजापूरकडचा, हिरवट-पिवळा. एकच. मूठभर तोंडात टाकायची सवय, त्यात हा एक. मॅडम म्हणाल्या, आधी नुसता बघा. त्याच्यावर बारीक सुरकुत्या होत्या, एका टोकाला देठाची काडी तुटल्याची खूण. उजेडाकडे धरला तर आत मधासारखा रंग. मग कानाजवळ नेऊन बोटांत फिरवायला सांगितला. खरंच अगदी बारीक चिकट आवाज येतो. ओठांना लावला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं आणि माझ्या हाताला घाई झाली. ती घाई मी पहिल्यांदा बघितली. मनगटापासून बोटापर्यंत एक ओढ. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “निधान... निधान ऊटा माड्री.”

कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, ‘सावकाश जेवा’ म्हणत होत्या त्या. हे मला लहानपणापासून माहीत. पण मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन. आमच्या आजोळी ओव्यांत हा शब्द यायचा. बेदाणा दाताखाली फुटला, आंबटगोड रस एका बाजूनं पसरला आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले. मी कुणाला बोलले नाही. पण घरी जाऊन मशिनच्या वर भिंतीवर खडूनं ‘निधान’ लिहिलं. अजून आहे.

दुसरा शनिवार कठीण गेला. शरीरावरून लक्ष फिरवायचं होतं, डाव्या पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत, पाऊण तास. जमिनीवर आडवं व्हायचं की खुर्चीत बसायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी खुर्ची घेतली, कारण खाली बसले तर उठताना आधार लागतो. पाय, पोटऱ्या, गुडघे इथपर्यंत गेले. गुडघ्यातली कळ रोजच्यासारखीच होती, पण पहिल्यांदा तिची जागा कळली, वाटीच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढी. मग मॅडम म्हणाल्या, “आता पोट.”

मी पोटावरून उडीच मारली. थेट छातीवर आले. मॅडमनी पुन्हा म्हटलं, पोट फक्त आहे तसं, श्वासाबरोबर वर जातं, खाली येतं. मला घाम फुटला. ज्या पोटाला मी अकरा वर्षं ओढणीखाली, पिशवीमागं, मशिनच्या फळीमागं लपवलं, त्याच्याकडे दहा माणसांत बसून बघायचं? डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मॅडम जवळ आल्या नाहीत, हात धरला नाही. एवढंच म्हणाल्या, “ज्यांना नको वाटतंय त्यांनी पायाच्या तळव्यांवर परत यायचं. जमीन खाली आहे, तेवढं बघायचं.” मी तळव्यांवर आले. थंड फरशी. तेवढंच धरून बसले. पोटापर्यंत पोचायला मला पुढं तीन आठवडे लागले आणि त्याबद्दल कुणी मला घाई केली नाही.

याच सुमाराला मॅडमनी मला वर्गानंतर थांबवलं. माझी वही त्यांनी वाचली होती. आम्हाला रोज चार गोष्टी लिहायच्या होत्या. किती वाजता खाल्लं, काय, भूक दहापैकी किती होती आणि त्याच्याआधी काय घडलं होतं. मी पहिल्यांदा खोटं लिहिलं, मग एक दिवस खरं लिहून टाकलं. मॅडमनी विचारलं, आठवड्यातून किती वेळा होतं? नेहमीपेक्षा भराभर खाता का? पोट दुखेपर्यंत? भूक नसताना? कुणी बघू नये म्हणून एकट्यानं? नंतर स्वतःची किळस येते का? पाचही प्रश्नांना मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, या त्रासाला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत २०१३ पासून तो स्वतंत्र आजार म्हणून धरला जातो. निदान मी करणार नाही, तुम्ही एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटून या. आणि रात्री फारच जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मी तज्ज्ञांना भेटले. ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की ‘हावरटपणा’ हा शब्द मी तेवीस वर्षं स्वतःला लावला होता आणि तो त्या दिवशी अंगावरून गळून पडला. आजार म्हणजे लाज नव्हे. गुडघ्याला औषध घेते तसं याला घ्यायचं.

वहीतून अजून एक गोष्ट बाहेर आली. मला वाटायचं मी रोज रात्री खाते. तसं नव्हतं. ज्या दिवशी कुणी काही बोललेलं असायचं त्या रात्री खायची. मंगळवारी एक गिऱ्हाईक म्हणाली, “टेलरबाई, तुमचा ब्लाऊज शिवायला किती मीटर लागतं हो?” त्या रात्री चिवडा. शनिवारी खानापूरच्या बसमध्ये, बायकांना तिकीट माफ झाल्यापासून गाड्या तुडुंब असतात, मी सीटच्या कडेला टेकले तर एक बाई दुसरीला म्हणाली, “दोन सीटा लागत्यात एकीला.” त्या रात्री पाव आणि साखर. भूक दहापैकी दोन, तीन. मध्ये अख्खा आठवडा कोरा, आत्यांबरोबर शेंगा फोडत बसले होते तो. पुढं कळलं की असं टोचून बोलणं लोकांना बारीक करत नाही, उलट खाणं आणि वजन वाढवतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. २०२० साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून निवेदनच काढलं की लठ्ठपणा म्हणजे नुसता मनाचा कमकुवतपणा ही समजूत विज्ञानाला धरून नाही. माझी वही तेच सांगत होती.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी भुकेच्या जाती शिकलो. पोटाची भूक, जिभेची भूक, मनाची भूक. पोटाची हळूहळू वाढते आणि भाकरीवरही भागते. जिभेची एखाद्याच पदार्थाला हात घालते. मनाची एकदम येते, तिला आत्ताच पाहिजे असतं आणि ती खाऊनही भागत नाही. मॅडम विचारायच्या, “आत्ता काय वाटतंय?” आणि आम्ही सगळे म्हणायचो, “कसंतरीच.” या एका शब्दात आम्ही आयुष्य घातलं होतं.

त्या शनिवारी फळ्यावर शब्द जमा झाले. हुरहूर. घुसमट. रुखरुख. चुटपुट. कानकोंडं होणं. कोंडमारा. प्रत्येकानं एकेक दिला. मग मॅडम म्हणाल्या, हा शरीरात कुठं असतो ते दाखवा. रुखरुख माझ्या गळ्याखाली निघाली. कानकोंडं खरोखर कानांत, गरम. घुसमट बरगडीच्या खाली, जिथं ब्लाऊजचा पट्टा बसतो तिथं. चिकोडीकडची एक कन्नड बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, “नंग संकट आगतैत्री.” आपल्याकडे संकट बाहेरून येतं, पूर, दुष्काळ, आजारपण. त्यांच्यात ते आत होतं, काळजाला पीळ पडावा तसं. आजोबांनी तोही शब्द फळ्यावर घ्यायला लावला. त्या दिवसानंतर रात्री डब्याजवळ गेले की मी स्वतःला विचारायची, यातलं कुठलं? नाव सापडलं की हात थोडा सैल व्हायचा. प्रत्येक वेळी थांबला असं नाही. पण मध्ये फट पडायला लागली.

त्या फटीत काय करायचं, तर थांबून बघायचं. खाण्याची ओढ चढते, टोकाला जाते आणि आपण काहीच केलं नाही तरी उतरते. मॅडम लाटेचा दाखला द्यायच्या, पण आमच्यातल्या निम्म्या बायकांनी समुद्र गोव्याच्या सहलीत एकदा बघितलेला. वडगावच्या बाई म्हणाल्या, “दुधासारखं म्हणा की. उतू जातंय वाटतं, आच कमी केली की बसतं खाली.” मी घड्याळ लावून बघितलं. सगळ्यात वाईट रात्री अठरा मिनिटं लागली. अठरा मिनिटं ओट्याला पाठ टेकून उभी होते, हात छातीवर. खाली बसलं ते दूध.

एकदा मॅडमबरोबर तिथल्या डॉक्टरही आल्या. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवलंय, कारण ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास खाणं दिलं. ते तरुण दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागले. पाककृतींची पुस्तकं वाचायचे, ताटं चाटायचे, चिडचिडे आणि उदास झाले. नंतर भरपूर अन्न मिळालं तरी काहींचं समाधानच होईना. मला माझं एकोणिसावं वर्ष आठवलं. निपाणीचं स्थळ बघायला येणार म्हणून घरच्यांनी चार महिने काकडी, ताक आणि एक भाकरी यावर ठेवलं होतं. अकरा किलो उतरले. त्या चार महिन्यांत मी दोनशे पानी वही पाककृतींनी भरली होती. मला वाटायचं मला स्वयंपाकाची आवड लागलीय. लग्नानंतर दोन वर्षांत ते अकरा आणि वर सात आले, आणि तोही दोष माझाच ठरला.

चरबीच्या पेशी मेंदूला निरोप पाठवतात, लेप्टिन नावाचा. तो १९९४ मध्ये सापडला. चरबी घटली की निरोप कमी होतो आणि मेंदू भूक वाढवतो. शरीर जुन्या वजनासाठी भांडतं. हे ऐकताना आजोबा म्हणाले, “म्हणजे आम्ही नुसते आळशी नव्हतो.” डॉक्टर म्हणाल्या, “नव्हता.” त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचाही फोटो दाखवला, ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० ऐवजी २५ वर ओढतात आणि बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की जपायला सांगतात. आणि २०२५ च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नका, अवयवांवर, रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय का ते बघा. माझ्या गुडघ्यांवर झालाय. ते मी मान्य करते. पण आकडा म्हणजे मी नव्हे, हे एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

पाचव्या आठवड्यात सगळं कोसळलं. खानापूरला भाच्याचं लग्न. मांडवात शिरल्या शिरल्या नणंदेच्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, “काय वैनी, अजून जाड झालायसा की. कसला क्लास लावलाय म्हणे?” पंगतीत मी एकच जिलेबी घेतली. रात्री बायका झोपल्यावर कोठीच्या खोलीत गेले आणि पातेल्यातून हातानं खाल्लं, मळमळेपर्यंत. सकाळच्या बसनं परत येताना ठरवलं, संपलं, आता वर्गाला तोंड दाखवायचं नाही.

मुलगी शनिवारी दुपारी मशिनजवळ येऊन उभी राहिली आणि सुईतला दोरा तोडला. “आई, ऊठ.” मी गेले. माझी पाळी आली तेव्हा सगळं सांगितलं, पातेल्यासकट. खोलीत कुणी हळहळलं नाही, कुणी समजूत घातली नाही. मॅडमनी विचारलं, “त्या बाई बोलल्या तेव्हा तुम्हाला शरीरात कुठं लागलं?” मी विचार न करता पोटावर हात ठेवला. तोच तो भाग. तिथंच हात ठेवून पाच श्वास घेतले आणि पहिल्यांदा पोट नुसतं पोट वाटलं. उबदार, वर जाणारं, खाली येणारं. तीन बाळंतपणांपैकी एकच मूल हाताला लागलं, तीही याच पोटातून. हे मी कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “तुमच्या गिऱ्हाइकाचा ब्लाऊज बिघडला तर तुम्ही काय करता?” मी म्हटलं, उसवते, पुन्हा शिवते. “त्या कापडाला शिव्या देता?” मी नाही म्हटलं. कापडाचा काय दोष.

पुढचे तीन शनिवार पटकन गेले. एका रविवारी पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही सगळे गप्प राहून चाललो, टाच, तळवा, बोटं, पुन्हा टाच. तिथं रोज भराभर चालणारी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. मला त्या दिवशी त्यांच्या बघण्याचं काही वाटलं नाही. जेवणाआधी हातात घास घेऊन एक श्वास थांबायचं, हे घरी चालू केलं. शाळेत डबा उघडायच्या आधी आम्ही सगळ्या मुली श्लोक म्हणायचो, तेव्हा नकळत तेच होत होतं. आत्या म्हणाल्या, “आता कळलं होय तुला? आमची आई उंबऱ्याबाहेर घास ठेवल्याशिवाय जेवायची नाही.” त्याही आता माझ्याबरोबर थांबतात. आणि चिवडा खायचा असला तर दिवा लावून, बशीत घेऊन, बसून खाते. कधी आत्यांनाही देते. लपवायचं राहिलं नाही, तेव्हा अर्धा डबा लागायचा तिथं एक बशी पुरायला लागली.

आठ आठवड्यांनी वजन ८७ किलो १०० ग्रॅम होतं. आज, सात महिन्यांनी, ८५ च्या आसपास आहे. गुडघ्यांचे व्यायाम आणि साखरेची गोळी चालू आहे. रात्रीचं ते खाणं आधी आठवड्यातून तीन-चारदा व्हायचं, आता महिन्यातून एखाददा होतं. झालं की वहीत लिहिते आणि झोपते. पहिल्या त्या दवाखान्यात मी परत गेले नाही, डॉक्टर बदलले. लोकांची तोंडं बंद झालेली नाहीत. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक पुन्हा बोलली. कान गरम झाले. मी टेप तशीच तिच्या खांद्यावर धरून म्हटलं, “ताई, असं बोललात की मला लागतं.” ती गप्प झाली. माझा हात थरथरत होता, पण माप बरोबर घेतलं.

आणि कुंदा. गेल्या संकष्टीला उपास सोडताना पाव किलो आणला. दुकानदाराला काही सांगितलं नाही. घरी चार वाट्यांत घातला. पहिला चमचा जिभेवर ठेवला आणि थांबले. आधी दुधाचा जळका वास, मग दाणे, मग अगदी शेवटी वेलची. तीन चमच्यांनंतर चव ओसरायला लागली, तेव्हा वाटी खाली ठेवली.

परवा कपाट आवरताना वीस वर्षांपूर्वीचा गुलाबी ब्लाऊज निघाला. परत बसेल म्हणून ठेवलेला. तो मी उसवला, त्याचं कापड चांगलं आहे, बाहुलीच्या परकराला होईल. मग आत्यांनी दिलेला गुळेदगुड्डचा खण काढला, हिरवा, सहा वर्षं घडीतच होता. मुलीला म्हटलं, “टेप घे आणि माझं माप घे.” तिनं वही उघडली, सगळ्यात वर ‘आई’ लिहिलं. छाती चव्वेचाळीस. कंबर एक्केचाळीस. दंड सोळा. मी हात बाजूला करून सरळ उभी राहिले, श्वास आत न ओढता. तिनं खडूनं खणावर रेघा मारल्या आणि कात्री हातात घेऊन विचारलं, “आई, माया किती सोडू?”

“सगळ्यांना सोडतो तेवढीच,” मी म्हटलं. “दीड इंच.”